राइड संपली असं कोण म्हणतं?

मराठीत 'गाडी लागणे' आहे, 'बोट लागणे' आहे. एसटीने घाट उतरताना ज्याच्यासाठी खिडकीची जागा, आवळासुपारी आणि एक रिकामी पिशवी राखून ठेवावी लागते असं एक तरी भावंड प्रत्येक घरात असतंच, त्यामुळे हे शब्द कुणाला समजावून सांगावे लागत नाहीत. पण गाडीतून उतरल्यावर, बोटीतून धक्क्यावर पाय ठेवल्यावर, सगळं थांबल्यावरही अंगात जे हलत राहतं त्याला आपल्याकडे शब्द नाही. 'अजून गाडीतच बसल्यासारखं वाटतंय' असं अख्खं वाक्य वापरावं लागतं.

दिवसभर रोलर कोस्टरवर बसून आलेल्या माणसाला रात्री हे वाक्य हमखास वापरावं लागतं. आंघोळीला गेलं, तोंडाला साबण लावून डोळे मिटले की बाथरूम एका बाजूला कलतं. अंथरुणावर पाठ टेकली की गादी हळूहळू वर जाते, टोकाला क्षणभर थांबते आणि मग... पोटात गोळा! दचकून डोळे उघडावेत तर पंखा आपला जागच्या जागी शांतपणे फिरतोय. सकाळी मान आखडलेली, घसा बसलेला, खांद्यावर सेफ्टी बारचे वळ, आणि ऑफिसच्या लिफ्टमध्ये शिरल्यावर उगाचच कठड्याला धरावंसं वाटतं.

यावर आपल्या प्रतिक्रिया साधारण दोन. एक, 'काय भारी वाटतंय राव!' आणि दोन, 'मला काही झालंय का?' दोन्ही प्रतिक्रिया देऊन माणूस झोपी जातो आणि विषय संपतो. मला मात्र हा विषय तिथे संपू नये असं वाटतं.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो, म्हणजे ज्यांना शनिवारची झोप महत्त्वाची आहे ते इथेच टॅब बंद करू शकतील. राइड सेफ्टी बार वर गेला की संपत नाही, ती कानात आणि मेंदूत आणखी काही तास चालू असते. हे अगदी नॉर्मल आहे. पण आपण आउटिंग ठरवताना हे काही तास हिशोबातच धरत नाही, आणि ज्याचं शरीर हे तास जरा मोठ्याने बोलून दाखवतं त्याला घाबरट ठरवून मोकळे होतो. या दोन्ही गोष्टी बदलायला हव्यात.

आता हार्डवेअरकडे वळू.

तुमच्या फोनमध्ये एक जाइरोस्कोप असतो आणि एक ॲक्सेलेरोमीटर. पहिला वळणं मोजतो, दुसरा सरळ रेषेतला वेग कसा बदलतोय ते आणि गुरुत्वाकर्षण. कानाच्या आतल्या भागात नेमक्या याच दोन गोष्टी बसवलेल्या आहेत. प्रत्येक कानात तीन अर्धवर्तुळाकार नलिका, एकमेकींशी जवळपास काटकोनात. अकरावीच्या गणितातले एक्स, वाय, झेड आठवा. नलिकांमध्ये द्रव भरलेला. डोकं वळलं की द्रव मागे रेंगाळतो, नलिकेतला एक नाजूक पडदा वाकतो आणि मेंदूला वळण्याचा सिग्नल जातो. हा झाला जाइरोस्कोप. त्याच्या शेजारी दोन छोट्या पिशव्या, त्यांच्यात एका चिकट थरावर कॅल्शियम कार्बोनेटचे बारीक कण. (अंड्याच्या कवचात असतो तोच पदार्थ.) गाडीने पिकअप घेतला, ब्रेक मारला, लिफ्ट वर निघाली की हे कण सरकतात. हा ॲक्सेलेरोमीटर.

मेंदू या दोन सेन्सरवर डोळे बंद करून विश्वास ठेवत नाही. तो डोळ्यांकडून आलेली माहिती घेतो, पायाच्या तळव्यांवरचा दाब बघतो, मानेचे स्नायू काय सांगतात ते ऐकतो आणि सगळ्याची सरासरी काढावी तसा एक निष्कर्ष काढतो: मी आत्ता असा उभा आहे आणि अमुक दिशेने चाललो आहे. शिवाय तो पुढचा अंदाजही बांधतो. रोज ज्या रस्त्याने बाइक नेतो तिथला खड्डा येण्याआधीच अंग सावरलेलं असतं, ते या अंदाजामुळे.

यातली सगळ्यात सोपी गडबड आपल्या आज्या-पणज्यांना चांगली ठाऊक होती. मंगळागौरीला फुगडी घालून थांबलं की घर फिरतं. कारण साधं आहे. फुगडी चालू असताना नलिकेतला द्रव शेवटी डोक्याच्याच वेगाने फिरायला लागतो. आपण थांबतो, डोकं थांबतं, पण द्रव थांबायला तयार नसतो. तो पडद्याला उलट्या बाजूने ढकलतो आणि मेंदूला वाटतं, आता आपण उलटे फिरतोय. हा प्रकार अर्ध्या-एक मिनिटात निवतो. कोस्टरवरून उतरल्या उतरल्या पाय लटपटतात त्यात या द्रवाचा वाटा असतो, आणि बाकीचा ॲड्रेनलिनचा.

पण रात्री अकरा वाजता अंथरुणावर जे होतं ते या द्रवाचं काम असू शकत नाही, तो केव्हाच शांत झालेला असतो. तिथे प्रश्न हार्डवेअरचा नसून सॉफ्टवेअरचा आहे. दिवसभर मेंदूने बघितलं की 'जमीन' नावाची गोष्ट अचानक वर जाते, खाली पडते, कलते. त्याने त्याप्रमाणे आपला अंदाज बदलून घेतला. नॉइज कॅन्सलिंग हेडफोन कसे बाहेरच्या आवाजाच्या बरोबर उलटा आवाज तयार करतात, तसंच काहीसं. बाहेरचा आवाज बंद झाला तरी उलटा आवाज थोडा वेळ चालू राहिला तर काय ऐकू येईल? तेच आपल्याला अंथरुणावर जाणवतं. आणि अंथरुणावरच का? तर डोळे मिटलेले आहेत, तळव्यांवर दाब नाही, म्हणजे मेंदूला ताळा करायला दोन महत्त्वाचे साक्षीदारच हजर नाहीत. बाथरूममध्ये साबण लावल्यावर होतं तेही यामुळेच. डोळे उघडा, पाय जमिनीवर टेका, साक्षीदार परत येतात आणि गादी जाग्यावर येते.

हा अनुभव कोस्टरपेक्षा फार जुना आहे. चार्ल्स डार्विन माहीत आहेच. १८३१ ते १८३६ बीगल जहाजावर जगप्रदक्षिणा करताना हा माणूस बोट लागल्याने बेजार असायचा. गंमत म्हणजे बोटीतून उतरल्यावर काय होतं याची नोंद त्याच्या आजोबांनी करून ठेवली होती. इरॅस्मस डार्विन हे डॉक्टर. त्यांच्या 'झूनोमिया' या ग्रंथात (पहिला खंड १७९४) त्यांनी लिहिलंय की जहाजावर बरेच दिवस राहून आलेल्याला जमिनीवर अर्धवट झोपेत खोली जहाजासारखी हलताना दिसते, आणि घोडागाडीतून काही दिवस प्रवास केल्यावरही, विशेषतः अंथरुणावर पडल्यावर, थोड्या प्रमाणात तसंच होतं. जहाजाचा अनुभव त्यांचा स्वतःचा होता. साबण आणि बाथरूमचा उल्लेख तेवढा नाही :-) बाकी सव्वादोनशे वर्षांत वर्णनात फारसा फरक पडलेला नाही. फ्रेंचमध्ये याला 'माल द देबार्कमां' म्हणतात, म्हणजे उतरण्याचा आजार. त्यांना शब्द सापडला, आपल्याला अजून नाही.

झोपेच्या उंबरठ्यावर परत येणाऱ्या त्या 'पडण्या'चं मात्र आणखी एक कारण असावं, आणि ते आपल्या व्यवसायातल्या लोकांना जवळचं वाटेल. रात्री दोनपर्यंत डीबगिंग करून झोपलेल्याला डोळ्यांपुढे लॉगच्या ओळी सरकताना दिसतात की नाही? हार्वर्डच्या रॉबर्ट स्टिकगोल्ड यांनी २००० साली 'सायन्स' या नियतकालिकात यावर एक निबंध प्रसिद्ध केला. त्यांनी लोकांना टेट्रिस खेळायला लावलं आणि झोप लागताना काय दिसतं ते विचारलं. अनेकांना पडणारे ठोकळे दिसत होते. कहर म्हणजे त्यात काही स्मृतिभ्रंशाचे रुग्णही होते. आपण कधी टेट्रिस खेळलो हेही ज्यांना आठवत नव्हतं, त्यांच्यापैकी काहींना झोप लागताना ठोकळे दिसले. म्हणजे 'मला आठवतंय' असं म्हणणाऱ्या मेंदूच्या खाली एक थर असा आहे की जो दिवसभराचं नवीन काम घेऊन रात्री स्वतःच बसतो. कोस्टरचा पहिला मोठा ड्रॉप हे त्याच्या दृष्टीने नवीन कामच असणार.

तर इथपर्यंत मुद्दा एवढाच, की उतरल्यावर जे हलतं ते शरीर बिघडल्याचं लक्षण नाही. शरीराने दिवसभर इमानेइतबारे काम केलं आणि ते काम गुंडाळायला त्याला थोडा वेळ लागतोय.

आता धाडसाबद्दल. माझा खरा राग इथे आहे.

एका जुन्या कंपनीतल्या टीम आउटिंगची गोष्ट. आमच्यातला एक जण पहिल्यापासून सांगत होता, 'मला गाडी लागते रे, मी खालीच थांबतो, तुमच्या बॅगा सांभाळतो.' पण टीम स्पिरिट नावाची एक गोष्ट असते. 'अरे कोस्टर म्हणजे काय एसटी आहे का?', 'एकदा बस, भीती जाईल', 'आपल्या टीमची इज्जत आहे यार' असं करत करत त्याला तीन राइडवर बसवलं. तिसऱ्यानंतर तो कोपऱ्यात गेला आणि सकाळची मिसळ तिथेच ठेवून आला. संध्याकाळी परतताना गाडी त्याची होती, त्यामुळे चालवायलाही तोच. घाट सुरू व्हायच्या आधी त्याने गाडी बाजूला घेतली आणि म्हणाला, 'मला झापड येतेय, दुसऱ्या कुणीतरी चालवा.' त्या दिवशी अख्ख्या टीममध्ये घेतला गेलेला सगळ्यात शहाणा निर्णय हा होता. त्याबद्दल त्याला काय मिळालं? सोमवारी 'उलटी एक्सप्रेस' हे टोपणनाव. पुढच्या आउटिंगच्या दिवशी तो 'आजारी' पडला.

या सगळ्यामागे एक समजूत आहे: ज्याला काही होत नाही तो शूर, ज्याला होतं तो भित्रा. ही समजूत चुकीची आहे याचा इतका सुंदर पुरावा उपलब्ध आहे की तो सांगितल्याशिवाय राहवत नाही.

१९५०च्या दशकाच्या शेवटी अमेरिकन नौदल आणि नासा यांना प्रश्न पडला होता की अंतराळात माणसाच्या तोल सांभाळण्याच्या यंत्रणेचं काय होईल. त्यांनी वॉशिंग्टनच्या गॅलॉडेट कॉलेजमधून ११ कर्णबधिर पुरुष निवडले. यातल्या एकाला सोडून बाकी सगळ्यांचं ऐकणं लहानपणी मेनिंजायटिस होऊन गेलेलं होतं, आणि त्याच आजाराने कानातला तोलाचा भागही निकामी केला होता. या ११ जणांना गरगर फिरवलं, फिरत्या खोलीत दिवसचे दिवस ठेवलं, विमानांतून वरखाली नेलं. एका प्रयोगात त्यांना नोव्हा स्कोशियाजवळच्या खवळलेल्या समुद्रात फेरीबोटीने नेण्यात आलं. प्रयोग मध्येच सोडून द्यावा लागला. कारण संशोधक मंडळींनाच बोट लागली! ते आडवे झालेले, आणि हे ११ जण निवांत पत्ते खेळत बसलेले.

त्या ११ जणांचं पोट लोखंडाचं होतं असं नाही, आणि संशोधक भेकड होते असंही नाही. एका गटाच्या कानातून सिग्नल येत होता, दुसऱ्याच्या येत नव्हता. एवढाच फरक. ट्रफाल्गरचा नेल्सन आयुष्यभर समुद्रावर राहिला आणि त्याला बोट लागायची. त्याला भित्रा म्हणायची कुणाची हिंमत आहे?

बाकी आपल्यातले फरकही असेच. दोन वर्षांखालच्या बाळाला सहसा गाडी लागत नाही. नऊ-दहाव्या वर्षाच्या आसपास हा त्रास सगळ्यात जास्त असतो, मग हळूहळू कमी होतो. मायग्रेनवाल्यांना जास्त होतो. पुरुषांपेक्षा स्त्रियांमध्ये जास्त आढळतो. आणि राइडवर होणारा त्रास आणि उतरल्यावर होणारा त्रास हेही दोन वेगळे हिशोब आहेत. वर काहीच न झालेला 'शूर' माणूस रात्री गादीसकट डोलू शकतो. फक्त तो ग्रुपवर सांगत नाही.

म्हणून 'मी नाही बसत' या वाक्याला उत्तर 'बरं' एवढंच असावं. चष्मा लागलेल्या माणसाला आपण 'एकदा चष्मा काढून बघ, भीती जाईल' असं म्हणतो का?

आता दुसरा मुद्दा, दिवस आखण्याचा. त्यासाठी आधी कोस्टर बनवणाऱ्यांना सलाम करायला हवा, कारण त्यांनी शरीराचा विचार आपल्यापेक्षा कितीतरी जास्त केलेला आहे.

१८९५ साली न्यूयॉर्कच्या कोनी आयलंडवर 'फ्लिप फ्लॅप रेल्वे' नावाचा लूपवाला कोस्टर होता. त्याचा लूप पूर्ण गोल. आता बारावीचं फिजिक्स काढा. गोल लूपमध्ये माथ्यावर गाडी कशीबशी रुळाला चिकटून राहायची तर तिथे वेगाचा वर्ग किमान g गुणिले r हवा. ऊर्जेचा हिशोब केला की तळाशी तोच वर्ग 5gr होतो. म्हणजे तळाशी बसणाऱ्याला ५ अधिक गुरुत्वाकर्षणाचा १, एकूण ६ जी. त्रिज्या कितीही घ्या, उत्तर तेच. त्यात पाठीमागे आजच्यासारखी सीट नाही, डोक्याला आधार नाही. लोक मान धरून उतरत. गोल लूप बंद पडले ते यामुळे.

उत्तर सापडायला ८० वर्षं गेली. १९७६ साली कॅलिफोर्नियाच्या मॅजिक माउंटनमध्ये 'रेव्होल्यूशन' सुरू झाला. बनवणारे आंटोन श्वार्झकॉफ, गणित वेर्नर श्टेंगेल यांचं. लूप गोल ठेवायचाच नाही. खाली, जिथे वेग जास्त, तिथे त्रिज्या मोठी. वर, जिथे वेग कमी, तिथे लहान. आकार होतो पाण्याच्या उलट्या थेंबासारखा. रेल्वेचे रूळ सरळ मार्गावरून वळणात शिरताना जी क्लोथॉइड वक्ररेषा वापरतात, तीच इथे उभी केली. जोर अचानक बसायच्या ऐवजी चढत जातो आणि मान वाचते. आजही कुठल्याही पार्कमध्ये लूप नीट पाहिलात तर तो गोल दिसणार नाही.

खोपोलीजवळच्या इमॅजिकातला (पार्क २०१३ साली सुरू झालं) नायट्रो घ्या, पायाखाली फरशीच नाही. ओहायोच्या सीडर पॉइंटमधला, २००० साली सुरू झालेला मिलेनियम फोर्स घ्या, ९४ मीटर उंच आणि ताशी दीडशे किलोमीटर. (ऑनसाइट गेलेल्या मंडळींच्या प्रोफाइल फोटोंत तो पाहिला असेलच.) या प्रत्येक राइडमध्ये कुठल्या वळणावर किती सेकंद किती जी, हे मोजूनमापून ठेवलेलं असतं. प्रवेशाजवळ पाटी असते: उंची इतकी हवी, हृदयविकार असेल, गरोदर असाल, मान-पाठीचं दुखणं असेल तर बसू नका. म्हणजे चढण्याआधीचा विचार झाला, राइडमधला झाला. उतरल्यानंतरचा कुणी करायचा? बाहेर पडल्यावर आधी फोटोंचा काउंटर येतो, मग दुकान, मग पार्किंग. तिथून पुढचा दिवस आपला आहे आणि तो आपण 'पैसा वसूल' या तत्त्वावर आखलेला असतो.

नेहमीचं वेळापत्रक बघा. शुक्रवारी रात्री रिलीज, झोप चार तास. पहाटे सहाला निघायचं. वाटेत मिसळ किंवा वडापाव, कारण तिकिटात लंच आहे पण ब्रेकफास्ट नाही. दिवसभर उन्हात रांगा, पाणी कमी, कोल्ड्रिंक जास्त. प्रत्येक राइड झालीच पाहिजे, आवडलेली दोनदा. सगळ्यात भारी राइड पार्क बंद व्हायच्या आधी शेवटची, कारण तेव्हा रांग कमी असते. आणि मग लगेच गाडी काढून दोन-तीन तास ड्रायव्हिंग, त्यात अंधार आणि घाट.

कोड रिव्ह्यूला हे वेळापत्रक आलं असतं तर तुम्ही रिजेक्ट केलं असतं.

कारण हलण्याचा एक परिणाम असा आहे की जो कुणाच्या लक्षातच येत नाही. अमेरिकन नौदलाचे डॉ. ॲश्टन ग्रेबील, ज्यांचं नाव वरच्या ११ जणांवरच्या प्रयोगांशी जोडलेलं आहे, त्यांनी नेप्टन या सहकाऱ्याबरोबर १९७६ साली 'सोपाइट सिंड्रोम' असं नाव देऊन त्याचं वर्णन केलं. अंग हलवलं गेलं की माणसाला झापड येते, जांभया येतात, कशातच लक्ष लागेनासं होतं. मळमळ किंवा उलटी झालीच पाहिजे असं नाही, कधीकधी सुस्ती हे एकच लक्षण असतं. बाळाला पाळण्यात झोका दिला की झोप लागते, हे आपल्याला पिढ्यानपिढ्या माहीत आहे. फक्त पाळण्यातून उतरल्यावर लगेच त्याच्या हातात स्टिअरिंग देत नाही आपण.

यात आणखी एक फसवणूक आहे. उतरल्यानंतरचं ते डोलणं पुन्हा गाडीत बसलं की बऱ्याच जणांना कमी झाल्यासारखं वाटतं. हलण्याची वाट पाहत असलेल्या मेंदूला हलणं मिळालं, हिशोब जुळला. त्यामुळे पार्किंगमध्ये डोलणारा माणूस गाडी सुरू करून पाच मिनिटं गेली की म्हणतो, 'आता एकदम ओके वाटतंय.' हा ओके म्हणजे तो बरा झाल्याचा पुरावा नव्हे. चार तासांची झोप, दिवसभरचं ऊन आणि सुस्ती आहे तिथेच आहे.

साहजिक प्रश्न येतो: एवढा विचार करायचा तर जायचंच कशाला? घरी बसून टेट्रिस खेळावं की! मी तसं म्हणत नाही. मला कोस्टर आवडतात आणि रात्रीचं ते डोलणंही आवडतं, फुकटात मिळालेला एक्स्ट्रा राउंड असल्यासारखं. रॉजे कायवा या फ्रेंच विचारवंताने १९५८ साली खेळांचे चार प्रकार सांगितले: स्पर्धा, नशीब, सोंग आणि चौथा गरगरणं. म्हणजे मुद्दाम तोल घालवून मजा घेणं ही माणसाची मूळ हौस आहे. पोरं अंगणात गोल गोल फिरून धपकन पडतात आणि हसतात, त्यांना कुणी शिकवायला जात नाही. पण पडल्यावर ती थोडा वेळ तशीच पडून राहतात, हेही बघा. आपण तेवढं विसरलो.

घाबरायचं कधी, तेही सांगायला हवं, नाहीतर 'नॉर्मल आहे' म्हणून कुणीतरी खरा आजार अंगावर काढेल. साधारणपणे हे डोलणं एक-दोन दिवसांत पूर्ण जातं. ४८ तासांनंतरही जमीन हलतच असेल, थांबल्यावर जास्त आणि गाडीत बसलं की कमी, असं असेल तर कानाच्या किंवा मेंदूविकाराच्या डॉक्टरांना दाखवा आणि सुरुवात कशानंतर झाली ते नक्की सांगा. थोड्या लोकांमध्ये हा प्रकार महिनोन्‌महिने टिकतो. १९८७ साली ब्राउन आणि बालो यांनी अशा रुग्णांवर निबंध लिहिला. यात एमआरआय नॉर्मल येतो, त्यामुळे रुग्णाला 'टेन्शन घेऊ नका' एवढंच ऐकावं लागतं. पण हे खरं दुखणं आहे. न्यूयॉर्कच्या माउंट सायनायमध्ये मिंगजिया दाई आणि बर्नार्ड कोहेन यांच्या गटाने २०१४ साली, सरकणारे पट्टे दाखवून आणि त्याच वेळी डोकं ठरावीक लयीत कलवून, मेंदूचा बिघडलेला अंदाज पुन्हा जुळवायची पद्धत प्रसिद्ध केली. बऱ्याच रुग्णांना तिने आराम पडला.

डोकेदुखीचं गणित वेगळं. वाढत जाणारी डोकेदुखी, मानेत नवीनच तीव्र कळ, पुन्हा पुन्हा उलट्या, बोलताना जीभ जड होणं, एका बाजूचा हात-पाय ढिला पडणं, यातलं काहीही दिसलं तर 'राइडचं असेल' म्हणून झोपू नका, सरळ हॉस्पिटल गाठा. कोस्टरनंतर मेंदूवर रक्त साकळल्याच्या किंवा मानेतली रक्तवाहिनी आतून फाटल्याच्या नोंदी वैद्यकीय नियतकालिकांत आहेत. अत्यंत क्वचित घडतं, पण घडलं तर वेळ फार महत्त्वाची असते.

असो. आउटिंगची मेल लिहायचं काम कधी ना कधी तुमच्याकडे येणारच आहे. तेव्हा माझी एवढीच विनंती. रिलीजच्या दुसऱ्या दिवशी जाऊ नका. जोरदार राइड दुपारपर्यंत उरका, शेवटचा तास चालण्या-बसण्याचा, खाण्यापिण्याचा ठेवा. ड्रायव्हर आधीच ठरवा. तो राइडवर बसणारा नसेल तर उत्तम, नाहीतर सरळ बस करा. चार गाड्यांचं पेट्रोल आणि टोल धरला तर फार फरक पडत नाही. जमलं तर तिथेच रात्र काढा आणि सकाळी निघा. आणि 'कोण कोण बसणार' अशी यादी करू नका. खाली थांबणाऱ्याच्या हातात बॅगा द्या, पाण्याची बाटली द्या आणि कारण विचारू नका.

आणि हो, उतरल्यावरच्या त्या डोलण्याला कुणाला चांगला मराठी शब्द सुचला तर जरूर कळवा. 'राइड उतरणे' कसं वाटतं? ताप उतरतो, दारू उतरते, तशी राइडही उतरते, आणि उतरायला वेळ लागतो. निदान घाटात कुणी म्हणेल तरी, 'थांब रे, माझी अजून उतरलेली नाही, तू चालव.' आणि हसायच्या आधी समोरच्याला कळेल की तो कशाबद्दल बोलतोय.